पोरगी म्हणते 'मांदे', आज्जी शोधते मांडे

कोल्हापुरातनं बोलतोय. पाऊस पडतोय, त्यामुळं मागं पत्र्याचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय बऱ्याच जणांनी सुचवला होता. परदेशात राहून लहान पोराला दोन भाषा कशा सांभाळायला लावायच्या? आधीच सांगतो, मी भाषातज्ज्ञ नाही. बी.टेक. करून कोड लिहिणारा माणूस. पण मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात प्रोजेक्टसाठी साडेतीन वर्षं राहिलो. आमची पोरगी तिथंच जन्मली. ती तीन वर्षांची असताना आम्ही परत आलो, आता ती चारची आहे. तिच्या तोंडात एक भाषा कशी आली आणि दुसरी कशी निसटायला लागली, हे दोन्ही मी घरात बसून बघितलंय.

त्यातनं मला कळलेली गोष्ट एका वाक्यात सांगतो. पोराला भाषा शिकवली म्हणून टिकत नाही, त्या भाषेला घरात काहीतरी काम असलं तरच टिकते. आजचा सगळा एपिसोड यावरच आहे.

आता मेक्सिको म्हटलं की आपल्याला लांबचं काहीतरी वाटतं. पण आपला तांबडा रस्सा ज्या मिरचीवर उभा आहे, ती मिरची मूळची तिकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आपल्याकडं आणली. मका, टोमॅटो, पेरू, चिकू हे सगळे अमेरिका खंडातले पाहुणे. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या बहिणी-बहिणी, त्यामुळं काही शब्दही ओळखीचे निघतात. तिकडं 'बाल्दे' म्हणजे आपली बादली. 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं, आणि आपण पगाराची वाट बघतो! आपल्या आधी तिकडं गेलेला मराठी माणूसही आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायचे, मक्यावर संशोधन करायचे. दिएगो रिवेरानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलंय. वेळ मिळाला तर त्यांच्याबद्दल नक्की वाचा.

तर आमच्या घराचा हिशेब असा होता. पोरगी एक वर्षाची झाल्यावर ग्वार्देरियात, म्हणजे तिकडच्या पाळणाघरात जायला लागली. दिवसाचे आठ तास स्पॅनिश. शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहायच्या, त्यांना ती 'आबुएला' म्हणायची, म्हणजे आजी. ते पण स्पॅनिश. राहिली मराठी, सकाळी एक तास आणि संध्याकाळी तीन. बायको नाशिकची, मी कोल्हापूरचा. घरात दोघंही मराठीच बोलायचो.

ती दोन वर्षांची झाली तेव्हा एका क्लिनिकमध्ये आम्हाला सांगितलं गेलं की पोरगी कमी बोलते, दोन भाषांमुळं गोंधळलीय, एक बंद करा. कुठली बंद करा, तर अर्थातच मराठी. मी त्या रात्री एक्सेल शीट उघडली. आठवडाभर ती जो शब्द स्वतःहून बोलेल तो लिहून ठेवला. मराठी १९, स्पॅनिश ३४. एकेक भाषा बघितली तर कमी. पण बेरीज ५३. दोन वर्षांच्या आसपास पन्नासेक शब्द ही ढोबळ अपेक्षा असते, आणि दोन भाषांच्या पोराचे शब्द दोन्ही भाषा धरूनच मोजायचे असतात. दोन खात्यांत पैसे आहेत आणि कुणीतरी एकच पासबुक बघून गरीब म्हणतंय, तसला प्रकार. आम्ही कानांची तपासणी मात्र करून घेतली. ती प्रत्येकानं करावी. पोर हाकेला वळत नसेल, बडबड करत नसेल, तर भाषा किती आहेत हा प्रश्न बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. पण दोन भाषांमुळं पोर मुकं होत नाही.

मराठी बंद करायची नाही, यामागं आणखी एक कारण होतं. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरातल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हीतला फरक कळत होता. वर्षाच्या आसपास पोचेपर्यंत तो कळेनासा झाला. कान सुद्धा काम नसलेली माणसं कमी करतो बघा! स्पॅनिशमध्ये आपल्यासारखा 'ट' नाही, 'ळ' नाही, 'भ' नाही, 'ध' नाही. आमच्या पोरीला 'बाळ' आणि 'बाल' वेगळं ऐकू यायचं, कारण घरात रोज कुणीतरी 'ळ' म्हणत होतं.

पण ऐकणं वेगळं आणि बोलणं वेगळं. बेल्जियममध्ये आनिक द हाउवर नावाच्या बाईंनी दोन भाषांच्या जवळपास १९०० कुटुंबांची पाहणी केली, ती २००७ मध्ये आली. बाहेरची भाषा सगळ्याच पोरांना येत होती. घरची भाषा मात्र साधारण चारांतल्या एका घरात पोरं बोलतच नव्हती. म्हणजे बाहेरच्या भाषेची काळजी करायचं कारण नाही, रस्ता आणि शाळा ती शिकवतातच. काळजी घरच्या भाषेची.

आमच्याकडं पण अडीच वर्षांची झाल्यावर ते सुरू झालं. मी मराठीत विचारायचो, ती स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायची. तिच्या दृष्टीनं बरोबरच होतं. बाबाला स्पॅनिश समजतंय, मग कशाला मेहनत घ्यायची?

इथं मदतीला आली माझी आई. तिला स्पॅनिशचा एक शब्द कळत नाही, आणि हीच आमची सगळ्यात मोठी ताकद ठरली. तिकडं सकाळचे आठ, इकडं संध्याकाळचे साडेसात, अशी व्हिडिओ कॉलची वेळ. पहिल्यांदा काय व्हायचं, तर आई म्हणायची, "गाणं म्हणून दाखव, मोराला काय म्हणतात सांग." पोरगी पळून जायची. परीक्षा कुणाला आवडते? मग आईनंच डोकं चालवलं. ती भाकरी थापता थापता फोन डब्याला टेकवून ठेवायची आणि विचारायची, "बघ गं, करपाय लागली का? मला चष्म्याबिगर दिसंना." आता पोरगीवर जबाबदारी आली! "आज्जी, काळी! काळी झाली! उलट कर!" हे आम्ही शिकवलेलं नव्हतं. भाकरी वाचवायची तर मराठीत ओरडायलाच पाहिजे होतं.

हेच मोठ्या प्रमाणावर पण दिसतं. तंजावरला मराठे गेले सतराव्या शतकात. तिथल्या कुटुंबांत आजही मराठी बोलणारी माणसं आहेत. चारी बाजूंनी तमिळ, भाषेत तमिळ मिसळलेली, पण घरात, सोयरिकीत ती चालत राहिली. मॉरिशसला आपली माणसं गेली एकोणिसाव्या शतकात. तिथं शाळेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सुट्टी असते, पण घराघरात बोलणं बहुतेक क्रिओलमध्ये. शाळेतली मराठी चांगलीच, ती असावी. पण स्वयंपाकघरातली जागा गेली की पुस्तक एकटं किती ओढणार?

आता परत आल्यावरची गंमत ऐका. मेक्सिकोत मोठ्या माणसानं हाक मारली की पोरं अदबीनं म्हणतात, 'मांदे?' म्हणजे 'सांगा, काय हुकूम?' कोल्हापुरात आल्यावर पहिल्या आठवड्यात आईनं हाक मारली की ही आतनं ओरडायची, "मांदे?" आई बायकोला म्हणाली, "अगं, ही सकाळ-संध्याकाळ मांडं मागतीया. बेळगावास्नं आणाय सांगू का कुणाला?" आणि खरंच दोन दिवसांनी घरात बेळगावचे मांडे आले. पोरगीनं खाल्ले, आवडले. महिन्याभरात 'मांदे' गेलं आणि तिथं 'ओ' आलं.

दुसरी गंमत बायकोला अजून पचत नाही. तिच्याकडनं पोरगी 'मी आले, मी गेले' शिकलेली. इथं गल्लीतल्या पोरींनी पंधरा दिवसांत तिला 'मी आलो, मी जेवलो' करून टाकलं. कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, त्याला इलाज नाही. आईची तीन वर्षं एकीकडं, आणि खेळातल्या मैत्रिणींचे पंधरा दिवस एकीकडं!

पण याची दुसरी बाजू जरा जीवाला लागते. तिची स्पॅनिश उतरायला लागलीय. झोपेत बोलायची, ते थांबलं. रंग विसरली. दर रविवारी सकाळी साडेआठला, तिकडं शनिवारी रात्रीचे नऊ, त्या शेजारच्या आबुएलांना फोन असतो. मध्यंतरी त्या काहीतरी बोलल्या आणि पोरगीनं माझ्याकडं बघितलं. तिला मी सांगायची गरज पडली. ज्या बाईंनी तिला पहिलं पाऊल टाकताना बघितलं, त्यांचं बोलणं तिला आता बापाकडनं कळून घ्यावं लागतंय. तेव्हा आम्ही ठरवलं, स्पॅनिशला पण काम द्यायचं. आबुएला आता फोनवर झाडांना पाणी घालतात आणि हिला विचारतात कुठलं राहिलं. भाकरीचीच पद्धत, तिकडच्या कुंड्यांवर. सगळं परत येईल असं नाही. पण फोन ठेवताना आता ती स्वतः बोलते.

आणि हे फक्त परदेशातल्यांचं आहे असं समजू नका. माझी आत्या निपाणीला असते, इथनं तासाभरावर. तिची पोरं घरात मराठी, बाजारात कन्नड, न अडखळता. त्याला तिथं कुणी कौतुक म्हणत नाही, कारण दोन्ही भाषांशिवाय दिवस जात नाही. उलट कोल्हापुरातच, रंकाळ्यावर फिरताना, आई-बाप मराठीत बोलतायत आणि पोर इंग्रजीत उत्तर देतंय, हे तुम्ही पण बघितलं असेल. इंग्रजी येऊ दे की, आलीच पाहिजे. पण ते पोर आणि त्याची आज्जी एकमेकांशी काय बोलणार, एवढा विचार करा.

जाता जाता तीन गोष्टी. एक, पोराला "म्हणून दाखव" म्हणू नका, खरं काम सांगा, मदत मागा. दोन, पोर दुसऱ्या भाषेत बोललं तर रागावू नका, तेच वाक्य आपल्या भाषेत सहज म्हणा आणि गप्पा पुढं न्या. तीन, ज्याला ती एकच भाषा येते असं माणूस पोराच्या आयुष्यात ठेवा. बहुतेक घरांत ते माणूस आज्जी किंवा आजोबाच असतंय, आणि त्यांना पण कुणाचा तरी फोन हवाच असतो.

तुमच्या घरात कुठल्या भाषेला काय काम आहे, एक मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. चला, भेटूया!