चुकांची थैली



संख्याशास्त्रावरील व्याख्यानाला एवढी गर्दी होईल असे आम्हांला वाटले नव्हते. अंदाज चुकला, आणि चुकीविषयीच आज बोलावयाचे आहे.

औषध गुणकारी आहे की नाही हे ठरवताना संशोधक एक सूट घेतो. औषध म्हणजे नुसते पाणी असले, तरी योगायोगाने ते गुणकारी भासण्याचा संभव शंभरात ५. एवढा धोका तो पत्करतो. ही पाचाची मर्यादा इंग्लंडातील रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथामुळे रूढ झाली. एका औषधापुरती ती ठीक. पण २० औषधे तपासली आणि त्यांतले एकही कामाचे नसले तर? निदान एक तरी 'गुणकारी' ठरण्याचा संभव शंभरात ६४ होतो! एकोणीस बाटल्या मुकाट्याने फेकून विसावीची जाहिरात करणारा मनुष्य एक अक्षरही खोटे बोलत नाही, आणि रोगी मात्र फसतो.

२००९ साली अमेरिकेत काही संशोधकांनी एक मेलेला सॅल्मन मासा मेंदूची चित्रे घेणाऱ्या यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि त्या माणसांच्या भावना ओळखण्यास सांगितले. मेंदूतील हजारो ठिपके एकेक करून तपासले, तेव्हा काही ठिपके चक्क 'जागे' निघाले. किती ठिपके तपासले याचा हिशेब धरताच मासा पुन्हा मेला!

हा हिशेब सोपा आहे. प्रश्न १०० असतील तर पाचाचे १०० वाटे करावेत. पण प्रश्न किती येणार हेच ठाऊक नसेल तर? प्रयोगशाळेत ते एकामागून एक येत राहतात आणि निकाल त्या त्या वेळी द्यावा लागतो. दर वेळी उरलेल्या सवलतीतली निम्मी खर्चावी म्हटले, तर दहाव्या प्रश्नाच्या वाट्याला पाच टक्क्यांचा हजारावा हिस्सादेखील येत नाही. पुढचे प्रश्न उपाशी मरतात.

१९९५ साली इस्राएलमधील बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांनी अपेक्षाच बदलली. एकही चूक नको, हा हट्ट सोडा. जाहीर केलेल्या शोधांत खोट्यांचे प्रमाण सरासरीने ठरावीक मर्यादेत राहिले म्हणजे झाले. हाच धागा धरून फॉस्टर आणि स्टाइन या अमेरिकन गृहस्थांनी २००८ साली एक युक्ती काढली. ती गृहिणींना आमच्यापेक्षा लवकर कळेल. आरंभी चुकांच्या सवलतीची एक लहान थैली घ्यावयाची. प्रत्येक प्रश्नावर तिच्यातले थोडे पणाला लावायचे. प्रश्न फसला तर तेवढे गेले. शोध लागला तर थैलीत भर पडते. थैली रिकामी झाली की विचारणे बंद. म्हणून भरवशाचे प्रश्न आधी घ्यावेत. प्रारंभीच वेड्यावाकड्या शंकांवर उधळपट्टी केली, तर पुढचा खरा शोधही हातचा जातो. आम्हांला ही शिस्त आवडते. तरुण संशोधकांना ती जाचक वाटते हेही आम्ही पाहिले आहे.

खोच एवढीच, की फसलेला प्रत्येक प्रश्न हिशेबात धरला पाहिजे. आपल्या देशात माणसांवरील औषधचाचणीची नोंद आधीच करणे २००९ पासून सक्तीचे आहे. पण चाचणीपर्यंत पोचण्यापूर्वी प्रयोगशाळेत जे शेकडो प्रश्न विचारले गेले, त्यांची वही कोणी मागायची?