रंग वरून नको, लगद्यातच हवा
(मुलांच्या देखावा-शिबिरात केलेले भाषण)



गेल्या वर्षी आपल्या गणपतीपुढे मी बीदरच्या किल्ल्याचा छोटा देखावा केला होता. जमीन पांढऱ्या लगद्याची आणि वरून लाल रंगाचा हात. तिसऱ्या दिवशी आरतीच्या गर्दीत ताटाचा धक्का लागला, खंदकाची कड उडाली आणि आतला पांढरा लगदा दिसू लागला. एक आजी म्हणाल्या, "अरे, बीदरला बर्फ कधी पडला?" सगळे हसले. चूक माझीच होती. म्हणून आज एवढेच सांगणार आहे की जमिनीचा रंग लगदा मळतानाच घालावा. मग टवका उडाला तरी आत तोच रंग निघतो.

कृती सोपी आहे. वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजवून, वाटून, घट्ट पिळून घ्या. एक वाटी लगद्याला अर्धी वाटी खडूची पावडर, पाव वाटी फेव्हिकॉल आणि किडीसाठी चमचाभर मेथीपूड. रंग कोरडा टाकू नका, रेघा उठतात. आधी तो थोड्या पाण्यात कालवून मग मळा. खडूच्या पांढऱ्यामुळे लाल काव गुलाबी दिसते, तेव्हा खडू कमी करून त्या जागी वस्त्रगाळ लाल माती घाला. ओला लगदा गडद दिसतो, वाळल्यावर फिका पडतो. म्हणून आधी सुपारीएवढी गोळी वाळवून पाहा. आणि सगळ्या देखाव्याचा लगदा एकदाच मळा; दुसऱ्या खेपेला तीच छटा सहसा जमत नाही. हळद आणि रांगोळीचे रंग उजेडात उडतात. काव आणि पिवडी हे मातीचेच रंग, ते टिकतात.

आता आपल्या मातीकडे पाहू. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. किल्ल्याचा तीनपदरी खंदक याच दगडात कोरलेला आहे. ही लाल माती चाळून थेट लगद्यात चालते, कारण ती फारशी फुगत-आकसत नाही. मात्र किल्ल्यातली माती उचलू नका, ते संरक्षित स्मारक आहे. घराच्या पायाची खणलेली माती पुरते.

कलबुर्गीकडची काळी माती वेगळी. उन्हाळ्यात तुरीच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे तुम्ही पाहिले असेल. तीच खोड ती लगद्यातही दाखवते. म्हणून ती चिमूटभरच घ्या आणि काळेपणा काजळीने आणा. काजळी पाण्यावर तरंगते. साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाकले की भिजते. नुसत्या काजळीने लगदा राखाडी, सिमेंटसारखा होतो. त्यात थोडी काव घातली की शेताचा काळा रंग येतो. शहाबादकडचे गाव करायचे असेल तर फरशीचा करडा रंग तुमच्या पायाखालीच आहे; फरशी ओली करू नका, कोरडीच पाहून रंग जुळवा.

शिबिराच्या पहिल्या दिवशी मी मुलांना विचारले, माती कोणत्या रंगाची? सगळ्यांनी रंगपेटीतली तपकिरी वडी दाखवली. मला वाईट वाटले. आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या या मातीवर राहिली, दारात लाल चिखल तुडवत मुले वाढली, आणि रंग मात्र पेटीतून शिकली!

दिवाळीत आपण अंगणातल्या लाल मातीचा रायगड करतो. रायगड काळ्या कातळाचा आहे, त्याला काजळीचा लगदा हवा. पण पाचगणीचे पठार जांभ्याचेच, आपल्यासारखे लाल. आणि आपल्या जांभ्याखाली खोल गेलात तर तोच सह्याद्रीचा काळा कातळ लागतो. सीमा नकाशावर आहे, खडकाला ती माहीत नाही.

तेव्हा उद्या येताना प्रत्येकाने आपल्या दारातली मूठभर माती पुडीत बांधून आणा. पुडीवर गावाचे नाव लिहा. यंदाच्या देखाव्याची जमीन त्याच मातीने रंगवू.

गणपती बाप्पा मोरया!