शिक्षण, हुन्नर आणि कारखान्याचे दार

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला धम्मावर प्रवचन व्हावे अशी आपली प्रथा आहे. यंदा समितीने आम्हा कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसांना पोटापाण्याच्या विषयावर बोलायला सांगितले. आम्हाला हा विषय धम्माबाहेरचा वाटत नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहेच. शिवाय आपण विहारात जे महामंगल सुत्त म्हणतो, त्यात बहुश्रुत असणे आणि शिल्प, म्हणजे हाताचे कसब, अवगत असणे ही दोन्ही मंगले तथागतांनी एकाच गाथेत सांगितली आहेत. आपण मात्र त्या दोघांची ताटातूट केली. पुस्तकाचे शिक्षण मानाचे आणि हाताचे काम कमीपणाचे, असे आपल्या घराघरांत होऊन बसले आहे.

याला कारण आहे, आणि ते विसरून चालणार नाही. गावात जे काम आपल्या वाडवडिलांच्या गळ्यात पडले होते, ते त्यांनी निवडलेले नव्हते. त्याचा दाम ठरलेला नव्हता, नको म्हणायची सोय नव्हती. तेव्हा "माझ्या पोराच्या हातात हत्यार नको, पेन पाहिजे" असे आपल्या आईबापांना वाटले, यात त्यांचे काय चुकले? पण बंधू-भगिनींनो, दुसरी बाजूही बघा. जिथे चांगल्या मजुरीचे कसबी काम होते, तिथे आपल्याला शिरूच दिले नव्हते. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात पगार बरा. पण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना त्या खात्यात घेत नसत. कमी पगाराच्या रिंग खात्यात त्यांची बोळवण होई. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. म्हणजे हुन्नर ही आपल्यावर लादलेली गोष्ट नव्हती, ती आपल्याला नाकारलेली गोष्ट होती.

बाबासाहेबांची दृष्टी इथे किती लांबची होती पाहा. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे अशीही मागणी केली. स्वतः कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला हा माणूस रेल्वेच्या वर्कशॉपमधली जागा मागत होता! ते मजूरमंत्री असतानाच १९४५ साली या देशात सरकारी रोजगार विनिमय केंद्रे सुरू झाली. काम शोधणारा आणि माणूस शोधणारा यांची गाठ घालून देणे हे सरकारचे काम आहे, हा विचार त्यामागे होता.

आता आपल्या पिंपरी-चिंचवडकडे या. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी औषध कारखाना निघाला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. मागोमाग स्कूटरचे, ट्रकचे कारखाने आले, त्यांना सुटे भाग पुरवणारी भोसरीची शेकडो लहान वर्कशॉप उभी राहिली, आणि पुढे चाकणला मोटारगाड्यांचे मोठे कारखाने आले. मराठवाडा-विदर्भातून आपली कुटुंबे इथे आली ती याच कारखान्यांच्या आशेने. आज इथे दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात. वर्कशॉपवाला म्हणतो, "कामाचा माणूस मिळत नाही." आणि आपल्या वस्तीतला पदवीधर मुलगा म्हणतो, "काका, काम मिळत नाही." दोघेही खरे बोलतात. मग गाठ कुठे सुटते?

पहिली गोष्ट, आपण विचारतच नाही. दहावीचा निकाल लागला की मित्राने जो फॉर्म भरला तोच आपला मुलगा भरतो. ज्या कारखान्याच्या भिंतीला लागून आपण राहतो, तिथे फिटर लागतात की वेल्डर, इलेक्ट्रिशियन लागतात की सीएनसी चालवणारे, हे आपण गेटवर जाऊन कधी विचारले? महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, वेल्डर एक वर्षाचा. आणि आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, हाही गैरसमज आहे. दोन वर्षांचा ट्रेड पुरा केलेल्या मुलाला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंग पदवीच्याही दुसऱ्या वर्षाला. शिडी आहे, पायऱ्या माहीत पाहिजेत.

दुसरी गोष्ट, मशीन बदलते. एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे प्रदूषणाचे नियम लागू झाले. दुचाकीतला कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आले. विजेवरच्या गाडीत तर इंजिनच नाही. ज्याने फक्त कार्बोरेटर उघडायला पाठ केले होते, त्याचे काय? म्हणून मुलांनो, एका मशीनवर भरवसा ठेवू नका. ड्रॉइंग वाचता आले पाहिजे. व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटर आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर बिनचूक वाचता आले पाहिजे. त्रैराशिक, टक्केवारी आणि कोनांचे गणित आले पाहिजे. बिघाड कुठे आहे हे एकेक शक्यता तपासून शोधता आले पाहिजे, आणि झालेले काम चार ओळींत लिहून ठेवता आले पाहिजे. लेथ जाऊन सीएनसी आले तरी मापाला माप लागतेच. मुलाखतीत पोरगं इथेच अडकतं, सर्टिफिकेट हातात असूनही.

तिसरी गोष्ट मालकांची आहे, आणि तीही स्पष्ट बोलली पाहिजे. तयार माणूस सगळ्यांना पाहिजे, घडवायला कुणी तयार नाही, हे कसे चालेल? सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाचीही कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात पहिले हे की, सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम नेमून द्यावे, आणि मग अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा, वेळच्या वेळी सुट्टी. कामगारानेही काम नीट करावे, हेही त्याच सुत्तात आहे. दोन्ही बाजूंना बांधणारा हा नियम आहे.

कायदाही तेच म्हणतो. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे, कंत्राटी धरून तीस किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी शिकाऊ जागा राखून ठेवण्याची तरतूद १९७३ पासून या कायद्यात आहे. आपल्यापैकी किती घरांना हे माहीत आहे? म्हणून आईबापांना आमची कळकळीची विनंती आहे. पोरगं "ट्रेनी म्हणून लागलो" असं सांगत घरी आलं, तर पेढे वाटायच्या आधी एक प्रश्न विचारा, "करार झाला का? नोंदला का?" नोंदलेला करार असेल तर शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. करारच नसेल तर पुष्कळदा ट्रेनीच्या नावाखाली खोकी उचलायला लावतात आणि दोन वर्षांनी हात रिकामे. शिकाऊपण संपल्यावर त्याच कंपनीत कायम नोकरी मिळेलच असे मात्र कायदा सांगत नाही. हेही मुलांना आधीच सांगितलेले बरे, म्हणजे पुढे मन खचत नाही.

घडवले तर काय होते याचे उदाहरण लांब शोधायला नको. जर्मनीत मुलगा काही दिवस शाळेत आणि काही दिवस कारखान्यात शिकतो. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्याने त्याच धर्तीवर २०११ पासून मेकॅट्रॉनिक्सच्या शिकाऊ मुलांना शिकवायला घेतले. भारत सरकारनेही २०१६ मध्ये आयटीआयसाठी ड्युअल पद्धत आणली. ज्या आयटीआयचा कारखान्याशी असा करार आहे, तिथे मुलाला चालू मशीनवर हात बसवता येतो. प्रवेश घेताना हे विचारून घ्या.

भगिनींनो, मुलींचे काय? आयटीआयत मुलींसाठी जागा राखीव असतात, पण आपण त्यांना ठराविक दोन-तीन ट्रेडच्या पुढे पाठवत नाही. मोजमाप, तपासणी, ड्राफ्ट्समन, इलेक्ट्रॉनिक्स, सीएनसी, यातले कोणते काम मुलीला जमणार नाही? रात्रपाळीची, जाण्यायेण्याची काळजी खरी आहे. ती चार घरांनी मिळून सोडवावी, मुलीचे शिक्षण तोडून नव्हे.

आता विहाराने काय करावे? आमचे तीनच प्रस्ताव आहेत. पहिला, इथे एक वही ठेवावी. वस्तीतला कोण कुठल्या कारखान्यात, कुठल्या खात्यात आहे, निवृत्त कोण आहे, आणि कुठे जागा निघाली, हे तिच्यात लिहावे. जागेची बातमी कंत्राटदाराच्या तोंडून कळण्यापेक्षा विहाराच्या फळ्यावर कळू द्या. दुसरा, दर वर्षी दहावीच्या निकालाआधी एका रविवारी वंदनेनंतर दोन तास, निवृत्त फिटर, इलेक्ट्रिशियन, टूलरूमवाले आणि विद्यार्थी यांना समोरासमोर बसवावे. तिसरा, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी एक व्हर्नियर, एक मायक्रोमीटर आणि चार ड्रॉइंग ठेवावीत. खर्च फार नाही.

कलेक्टर व्हायचे स्वप्न कुणी सोडा असे आम्ही म्हणत नाही. जरूर व्हा, आम्हाला आनंदच आहे. पण परीक्षेच्या आशेवर तिशी उलटलेला मुलगा घरात मान खाली घालून बसतो, बापाच्या पेन्शनवर घर चालते, आणि रस्त्यापलीकडच्या वर्कशॉपवर 'पाहिजेत' ची पाटी लटकत असते, हे आम्हाला बघवत नाही. ज्या खात्याचे दार आपल्या आज्याला बंद होते, ते आता कायद्याने उघडे आहे. आत जायला लागणारे कसब अंगी आणायचे, आणि मालकाने ते शिकवायची जबाबदारी टाळली तर कायदा दाखवून विचारायचे, ही दोन्ही कामे आपलीच आहेत. वहीचे पहिले पान आजच भरू या. कार्यक्रम संपल्यावर आम्ही दाराशी पेन घेऊन बसणार आहोत.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!