लेहला उतरलात? मग पहिले दोन दिवस नुसता आराम!

आजचा एपिसोड लडाखचं बुकिंग करून बसलेल्यांसाठी.

आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. लेह साधारण ३,५०० मीटर. आणि विमानाने आपण तिथे काही तासांत पोहोचतो. शरीराला मात्र एवढ्यात पोहोचता येत नाही.

'वर ऑक्सिजन कमी असतो' असं आपण म्हणतो. खरं तर हवेतलं त्याचं प्रमाण तेच, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो मुंबईच्या जवळपास दोन-तृतीयांश. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी.

मग शरीर कामाला लागतं. श्वास वाढतो, छाती धडधडते. जोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि रक्ताचं रासायनिक संतुलन बदलतं. ते सावरायचं काम मूत्रपिंडांचं, म्हणून सारखी लघवीला होते. रात्री झोपेत श्वास मध्येच काही सेकंद थांबतो, दचकून जाग येते. नव्या लाल रक्तपेशी पुरेशा वाढायला तर काही आठवडे लागतात. आपली ट्रिप तेवढ्यात संपलेलीसुद्धा असते!

आता महत्त्वाचं. 'मी रोज जिमला जातो, मला काय होतंय?' असं म्हणू नका. फिटनेसमुळे उंचीचा त्रास टळत नाही. उलट फिट माणूस पहिल्याच दिवशी धावपळ करतो आणि आडवा होतो.

३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, असा साधा नियम आहे. म्हणून लेहनंतर आधी नुब्रा. वाटेत खारदुंगला उंच आहे, पण तिथे जास्त वेळ थांबायचं नाही. मुक्कामाचं दिस्कित लेहपेक्षा खाली आहे. पँगाँग ४,२०० मीटरच्या वर, ते नंतर. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. डायमॉक्स घ्यायची का, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाही? तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा मित्र असंबद्ध बोलायला लागला, तर सकाळची वाट बघू नका. ऑक्सिजन मिळाला तर लावा, पण लगेच खाली उतरा आणि दवाखाना गाठा. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठत असेल तर त्यात जीव जाऊ शकतो.

ग्रुपचा प्लॅन बिघडेल म्हणून डोकेदुखी लपवणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला हा एपिसोड आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!