हप्ता लहान की व्याज कमी?

गटात कर्ज मागणाऱ्या प्रत्येक ताईला दोन गोष्टी हव्या असतात. हप्ता लहान हवा आणि व्याजही कमी हवं. पण हप्ता लहान केला की मुदत वाढते, आणि मुदतीबरोबर व्याज वाढतं.

पूर्वी आमचा सगळ्यांना एकच नियम होता: सहा महिन्यांत फेड. व्याज वाचतं ना! पण शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलेली आमची एक ताई गटाचा हप्ता भरायला सावकाराकडून पैसे उचलत होती. वहीत तिची फेड वेळेवर दिसायची, आणि आम्ही बैठकीत तिचं कौतुक करायचो. खरं कळलं तेव्हा आम्हाला मान वर करवेना.

तेव्हापासून आम्ही कर्ज देण्याआधी फळ्यावर हिशेब मांडतो. समजा, कर्ज 12,000 रुपये. दरमहा शेकडा 2, व्याज फक्त उरलेल्या मुदलावर.

6 महिने: पहिला हप्ता 2,240, एकूण व्याज 840.
12 महिने: पहिला हप्ता 1,240, व्याज 1,560.
24 महिने: पहिला हप्ता 740, व्याज 3,000.
सावकार, शेकडा 5, 10 महिने: पहिला हप्ता 1,800, व्याज 3,300.

आधी सावकाराची ओळ पुसायची. आपल्या 12 महिन्यांपेक्षा त्याचा हप्ताही मोठा, व्याजही जास्त. दोन्हीकडून तोटा!

उरलेल्या तिन्हींत एक मिळवायचं तर दुसरं थोडं सोडावं लागतं. किती सोडतो, ते बघायचं. 6 वरून 12 वर गेलं, तर 720 रुपये जादा व्याजात हप्ता 1,000 ने उतरतो. 12 वरून 24 वर गेलं, तर 1,440 जादा मोजून हप्ता फक्त 500 ने उतरतो. म्हणून बहुतेकींना 12 महिने परवडतात.

पण त्या ताईच्या हातात घरखर्च भागवून महिन्याला 900 रुपयेच उरत होते. तिच्यासाठी 24 महिनेच बरोबर होते. लग्नसराईत चार पैसे जादा मिळाले की मुद्दल लवकर फेडायचं, म्हणजे पुढचं व्याजही कमी होतं.

मैत्रिणींनो, फळ्यावरचे आकडे गटाने मांडावेत. निवड मात्र जिला हप्ता भरायचा आहे, तिलाच करू द्यावी. आणि तिला आधी एवढं नक्की विचारावं, "ताई, महिन्याला हातात किती उरतात?" आम्ही ते विचारलं नव्हतं.