एका चादरीची किंमत



सोलापूरच्या नवी पेठेत चादरी घ्यायला जाऊ या.
समजा, तीन सारख्या चादरी घेतल्या.
पिशवीचे वीस रुपये वेगळे.
एका चादरीची किंमत ठाऊक नाही.
तिला क्ष म्हणू.
मग एकूण खर्च, तीन क्ष अधिक वीस.
ही झाली बैजिक राशी.

आता बिल हाती आलं: 1220 रुपये.
राशी आणि रक्कम, दोन्ही समान.
हे झालं समीकरण.

सोडवताना एकच ध्यानात ठेवा.
जे एका बाजूला, तेच दुसऱ्या बाजूला.

दोन्हीकडून 20 वजा करा.
तीन क्ष बरोबर 1200.
दोन्हीकडे 3 ने भागा.
क्ष म्हणजे 400.

‘चिन्ह बदलून पलीकडे न्या’ एवढंच मुलांकडून घोकून घेऊ नका, ही कळकळीची विनंती.
वीस पलीकडे जात नाहीत.
ते दोन्हीकडून कमी होतात.
पुन्हा सांगते:
जे एका बाजूला, तेच दुसऱ्या बाजूला.

अज्ञात संख्येला असं नाव देणं जुनंच आहे.
बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ हा ग्रंथ लिहिला.
अज्ञात संख्या अनेक असल्या, की या ग्रंथात त्यांना रंगांची नावं मिळतात.
काळा, निळा, पिवळा.

चादरीसोबत टॉवेलही घेतला,
आणि त्याचीही किंमत ठाऊक नसली,
तर आपणही दुसरं अक्षर घेऊ.
क्ष चादरीला, य टॉवेलला.