यादी, मत आणि बुद्धिबळाचा पट
(घोडेगाव येथे भरलेल्या आपल्या संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने मला बोलावले, तेव्हा विषय मीच निवडावा असे कळविले. मी बुद्धिबळाचा विषय कळविताच आपल्या चिटणीसांचा थोडा विरस झाला असावा. ज्ञातीच्या मेळाव्यात विद्यार्थी-फंड, वसतिगृह, वधूवर-सूचक मंडळ हे विषय शोभतात. तेथे राजा-वजिराचे काय काम, असे त्यांना वाटले असेल. परंतु मी आपणांस डाव शिकविण्यासाठी उभा राहिलेलो नाही. बुद्धिबळाच्या संघटनांमध्ये सभासदत्वावरून आणि मतांवरून जे तंटे झाले, त्यांविषयी मी बोलणार आहे. आज दुपारी आपल्या सर्वसाधारण सभेपुढे सभासदांच्या यादीचा प्रश्न आहे, हे मला ठाऊक आहे. त्यापूर्वी दुसऱ्याच्या घरातील भांडण शांतपणे पाहिले, तर आपल्या घरातील भांडण मिटविणे सोपे जाते.

घोडेगावच्या मंडळींना एक गोष्ट सांगावयास नको. येथे कांद्याचा लिलाव होतो. लिलावात बोली कितीही चढली, तरी शेतकऱ्याचे डोळे वजनकाट्याकडे असतात. कारण काटाच खोटा असेल तर चढलेल्या भावाला अर्थ राहत नाही. संस्थेच्या निवडणुकीत मत म्हणजे बोली, आणि सभासदांची यादी म्हणजे काटा. आपण मतांची चर्चा तावातावाने करतो. काट्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

आता बुद्धिबळाची संघटना कशी उभी आहे ते पाहू. अगदी वर जागतिक संघटना. ती ‘फिडे’ या नावाने ओळखली जाते. तिची स्थापना १९२४ साली पॅरिस येथे झाली. तिच्या सभेत प्रत्येक देशाच्या महासंघास एक मत. देश चीनएवढा असो की सॅन मारिनोएवढा. तिच्या खाली आपला अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ, स्थापना १९५१. त्याच्या खाली राज्यांच्या संघटना, राज्यांच्या खाली जिल्ह्यांच्या. महासंघाच्या निवडणुकीत खेळाडू मत देत नाही. प्रत्येक मान्यताप्राप्त राज्यसंघटनेस दोन मते असतात. म्हणजे आपल्या राज्यातील सगळ्या खेळाडूंचा आवाज त्या दोन मतांत सामावतो.

या रचनेचे मर्म ‘मान्यताप्राप्त’ या एका शब्दात आहे. एका प्रदेशासाठी एकच संघटना मान्य होते. जिला मान्यता, तिला मत. आणि जिला मान्यता, तिनेच निवडलेला खेळाडू वरच्या स्पर्धेस जातो. त्यामुळे एखाद्या प्रदेशात दोन गट पडले की दोघेही म्हणतात, खरी संघटना आमची. वरच्या सभेत ज्याचे बहुमत, त्याला आपल्या बाजूच्या गटास मान्यता देण्याचा मोह होतो. मान्यतेने मत मिळते, मताने बहुमत मिळते, आणि बहुमताने पुन्हा मान्यता देता येते. हे चक्र एकदा फिरू लागले की पटावरचा खेळ बाजूस राहतो.

हे केवळ बुद्धिबळातच आहे असे नाही. क्रिकेटमध्ये आपल्या एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये ‘एक राज्य, एक मत’ हे तत्त्व स्वीकारले, तेव्हा या तिघींपैकी एकीनेच आळीपाळीने मत द्यावे असे ठरले. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने तो नियम बदलून तिघींनाही पूर्ण सभासदत्व दिले. सभासद कोण आणि मत कोणाचे, हा प्रश्न एवढ्या मोठ्या न्यायासनापुढेही एका फटक्यात सुटला नाही. मग आपल्यासारख्या लहान संस्थेत तो कठीण वाटला, तर लाज वाटण्याचे कारण नाही.

बुद्धिबळ महासंघातील अलीकडचा तंटा बोधप्रद आहे. २०२० च्या सुमारास त्याच्या पदाधिकाऱ्यांत दोन तट पडले आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. अखेर जानेवारी २०२१ मध्ये एका निवृत्त न्यायमूर्तींच्या देखरेखीखाली निवडणूक झाली. बत्तीस राज्यसंघटना, प्रत्येकीस दोन, अशी एकूण ६४ मते होती. पटावरील घरेही तितकीच! अध्यक्षपदासाठी ३३ विरुद्ध ३१ अशी मते पडली. सचिवपदासाठी भरतसिंह चौहान यांना ३५ आणि आपल्या महाराष्ट्राचे रवींद्र डोंगरे यांना २९.

अध्यक्षपदाचा निकाल पुन्हा एकदा मनात आणा. दोन मतांचा फरक; म्हणजे एकच मत इकडचे तिकडे झाले असते तर बरोबरी होती. एका राज्यसंघटनेची दोन्ही मते फिरली असती, तर निकालच उलटला असता. अशा वेळी एखाद्या लहान राज्याच्या संघटनेस मान्यता द्यावी की नाही, हा प्रश्न साऱ्या देशाच्या कारभाराचा प्रश्न होऊन बसतो.

एवढ्यावर ते थांबले नाही. देशाच्या तेव्हाच्या क्रीडासंहितेनुसार जो पदाधिकारी पुन्हा निवडून येऊ इच्छीत असे, त्यास दोन-तृतीयांश मते मिळावी लागत. ६४ पैकी दोन-तृतीयांश म्हणजे ४३. सचिवांस होती ३५. डोंगरे यांनी या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि जून २०२२ मध्ये न्यायालयाने सचिवांस पदावर राहण्यास मनाई केली. तेव्हा चेन्नई येथे चव्वेचाळिसावे ऑलिंपियाड अवघ्या दोन महिन्यांवर आले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्या कार्याचा विचार करून त्यांना १५ ऑगस्टपर्यंत काम पाहू दिले. घरी पाहुणे येऊन बसले आहेत आणि घरातील भाऊ वाटणीसाठी कचेरीत आहेत, तसा हा प्रसंग. सुदैवाने ऑलिंपियाड उत्तम पार पडले. नंतर मार्च २०२४ मध्ये नवे पदाधिकारी आले.

मी कोणाचा पक्ष घेऊन बोलत नाही. कोणाचे बरोबर हे न्यायालयाने पाहिले. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, मते मोजून झाल्यावर ‘किती मते हवी होती’ हा वाद निघतो, तेव्हा चूक मोजणीत नसते. ती आधी न वाचलेल्या नियमांत असते.

आता या भांडणांचे मोल कोण देतो, तेही पाहिले पाहिजे. काही वर्षांपूर्वी महासंघास प्रतिस्पर्धी अशी एक संघटना निघाली. तिच्या स्पर्धांत जे खेळले, त्यांच्यावर महासंघाने बंदी घातली. खेळाडूंकडून अमान्य स्पर्धांत न खेळण्याचे लेखी वचन घेतले जाई. काही खेळाडूंनी दाद मागितली. अखेर जुलै २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने हे निर्बंध अन्यायाचे ठरवून महासंघास सुमारे ६ लाख ९२ हजार रुपयांचा दंड केला. परंतु तक्रार २०११ सालची आणि निकाल २०१८ सालचा! सात वर्षांत मुलाचा तरुण होतो. दंड सरकारजमा झाला. गेलेली वर्षे कोणाच्या खात्यात जमा व्हावयाची?

याविषयी मी पोटतिडकीने बोलतो, त्यास कारण आहे. मी शिक्षक होतो, आणि शाळा सुटल्यावर मुलांना बुद्धिबळ शिकवीत असे. ज्या जिल्ह्यात तेव्हा नोकरीस होतो, त्याचे नाव सांगत नाही. माझ्याजवळ एक शेतमजुराची मुलगी शिकत असे. घोड्याच्या अडीच घरांची चाल तिला अशी वश होती की, समोरच्यास आपला वजीर कधी गेला हे कळत नसे. ती जिल्हा निवड-स्पर्धेत पहिली आली. आम्ही राज्यस्पर्धेस गेलो. बापाने त्यासाठी उसने पैसे घेतले होते. तेथे टेबलापलीकडील गृहस्थांनी प्रमाणपत्र पाहिले आणि म्हणाले, “गुरुजी, ही संघटना आता मान्य नाही. दुसरीचे आणा.” दुसऱ्या संघटनेचा कार्यवाह म्हणाला, “आमच्या यादीत तिचे नाव नाही.” मुलगी माझ्या शेजारी हातात पटाची गुंडाळी घेऊन उभी होती. परतताना एसटीत तिने एकच विचारले, “गुरुजी, मग मी कोणाशी हरले?” मजजवळ उत्तर नव्हते. पुढल्या वर्षी ती त्या वयोगटातून बाहेर पडली, आणि त्यानंतर तिने पट उघडला नाही.

दुसऱ्या बाजूसही काही म्हणावयाचे आहे, आणि ते ऐकले पाहिजे. मान्यतेचे बंधन नसेल तर कोणीही उठावे, शिक्का करावा आणि प्रवेश-फी गोळा करावी, असे होईल. हे खरे आहे. यादीस कुंपण हवेच. परंतु कुंपण पिकाच्या रक्षणासाठी असते; ते पीकच आत येऊ देत नसेल, तर तपासावे लागते.

कुंपणाच्या बाहेर कोणास ठेवावे, याचा एक प्रसंग मराठी घरातलाच आहे. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींची नावे आपणांस ठाऊक आहेत. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये वासंतीने जिंकली. पुढे जयश्रीने चार वेळा आणि रोहिणीने पाच वेळा ते अजिंक्यपद मिळविले. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यास उभी राहिली, तेव्हा तिचे वय अवघे तेरा. तिच्या खेळण्यावरून गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स यूव्ह यांनीही निर्णय दिला की, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. एका मराठी मुलीच्या हट्टाने साऱ्या जगाची यादी मोठी झाली. जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिलांची विश्वचषक स्पर्धा जिंकून ग्रँडमास्टर झाली. तिच्यासारख्या मुलींची वाट मोकळी होण्यास त्या जुन्या निर्णयाचाही हातभार आहे.

आता आपल्या घरी येऊ. दुपारच्या सभेत दोन गाऱ्हाणी येणार असे ऐकतो. एक, पुण्या-मुंबईस गेलेल्या कुटुंबांची नावे यादीत ठेवावी की नाही. दोन, विवाहित कन्यांस आणि घरच्या सुनांस स्वतंत्र सभासदत्व द्यावे, की कुटुंबप्रमुखाचे एकच मत पुरे. मी पाहुणा आहे; निर्णय आपला आहे. तथापि बुद्धिबळाच्या तंट्यांतून मला जे उमगले, ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

यादी निवडणुकीच्या पुरेशी आधी सर्वांच्या डोळ्यांपुढे टांगावी. हरकत घ्यावयाची ती तेव्हाच घ्यावी, आणि तिचा निकाल उमेदवार नसलेल्या माणसाने द्यावा. निवडणूक जाहीर झाल्यावर एकही नाव वाढवू नये, एकही खोडू नये. वर्गणी थकली म्हणून नाव कमी करावयाचे तर आधी पत्र जावे. मत विरोधात पडेल या भयाने कोणाचे नाव कमी होऊ नये. पदाधिकाऱ्याने किती वेळा उभे राहावे आणि किती मतांनी निवडून यावे, हे घटनेत स्वच्छ लिहावे व सभेत मोठ्याने वाचून दाखवावे. आणि मोठ्यांचा तंटा कितीही दिवस चालो, विद्यार्थी-फंडाची मदत त्यामुळे एक दिवसही थांबणार नाही, असा ठराव आज सर्वांत आधी करावा. तंटा आपला आहे; त्याची फी मुलांनी का भरावी?

दुसऱ्या गाऱ्हाण्याविषयी एकच वाक्य बोलतो. ज्या संस्थेच्या मेळाव्यात स्वयंपाकघरापासून रांगोळीपर्यंत सारे काम भगिनी करतात, त्या संस्थेच्या यादीत त्यांचे नाव शोधावे लागू नये.

येथून जवळच नेवासे आहे. जे ज्ञान थोड्यांच्या हाती होते, ते ज्ञानदेवांनी तेथे सर्वांच्या भाषेत आणले. अशा भूमीत बसून दार अरुंद करण्याचा विचार आपल्या मनास शिवणार नाही, असा मला विश्वास आहे.

बुद्धिबळात डाव संपला की राजा आणि प्यादे एकाच पेटीत जातात, असे जुने लोक म्हणत. संस्थेत तसे नाही. आपण पेटीत गेल्यावरही संस्था राहते, आणि आपण केलेली यादी मागे राहते. ती चाळताना आपल्या नातवंडांस खोडलेली नावे दिसू नयेत, एवढीच घोडेश्वरी देवीच्या चरणी प्रार्थना करतो.